दुभाष्या

मराठीत ज्या वस्तूला अद्याप नाव मिळालेले नाही, अशा एका वस्तूविषयी मला लिहावयाचे आहे. ही वस्तू ॲल्युमिनिअमची असून आकाराने लहानशा बोराएवढी आहे आणि वजनात दोन-तीन ग्रॅम भरते. तिच्या अंगावर बाहेरून आटे पाडलेले आहेत. पोटात आरपार भोक आहे आणि त्या भोकातही आटे आहेत. मात्र बाहेरचे आटे एका जातीचे व आतले दुसऱ्या जातीचे. इंग्रजीत तिला अडॅप्टर म्हणतात. ‘अनुकूलक’ असा एखादा भारदस्त शब्द मनात आणला तर बनवता येईल. पण तो तोंडात घेऊन सेलूच्या एखाद्या लेथच्या दुकानात गेल्यास आपण औषध मागावयास आलो आहो, असा तेथील मंडळींचा समज होण्याचा संभव आहे. आमचे मिस्त्री तिला नुसते ‘मधला’ म्हणतात. मी तिला दुभाष्या म्हणू लागलो आहे. हे नाव मला का सुचले आणि त्या नावाबरोबर मनात काय काय आले, ते सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

लहान विमाने उडविण्याचा छंद मला विद्यार्थिदशेत एन.सी.सी.च्या हवाई शाखेत जडला. पुढे इंग्रजीचा अध्यापक झालो, डोक्याचे केस पांढरे झाले, तरी तो छंद काही सुटला नाही. ज्यांनी या विमानांची इंजिने पाहिली नाहीत, त्यांस त्यांच्या लहानपणाची कल्पना येणे कठीण. माझ्याजवळच्या सर्वांत लहान इंजिनाची क्षमता ०.८ घन सेंटिमीटर आहे. म्हणजे चहाच्या चमच्यात जेवढे पाणी मावते त्याचा जेमतेम सहावा हिस्सा. तरीही सहा इंची पंखा लावला असता ते मिनिटास बारा हजार फेरे सहज घेते. दर फेऱ्यास एक स्फोट या हिशेबाने हे सेकंदास दोनशे स्फोट झाले. त्याचे खाद्य म्हणजे मिथेनॉल आणि त्यात वंगणासाठी मिसळलेले एरंडेल. पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांची इंजिनेही एरंडेलावरच फिरत असत. ज्या पदार्थाने आमच्या पिढीच्या बालपणातले रविवार कडू केले, त्याचा जळका वास मला आज अत्तरासारखा वाटतो. आमच्या घरातील इतर मंडळींचे मत याहून वेगळे आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

या इंजिनात मोटारसायकलीप्रमाणे ठिणगी पाडण्याची व्यवस्था नसते. पूर्वी ती असे. आणि मग बॅटरी व कॉइल यांचा भार त्या बिचाऱ्या विमानालाच आकाशात वाहून न्यावा लागे. १९४७ साली अमेरिकेतील रे आर्डेन यांनी एक सुटसुटीत युक्ती बाजारात आणली. तिचे नाव ग्लो प्लग. त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचे लहानसे वेटोळे असते. इंजीन सुरू करताना दीड व्होल्टचा सेल लावून ती तार लाल करावयाची. इंजीन फिरू लागले की सेल काढून घ्यावयाचा. त्यानंतर प्रत्येक स्फोटाची उष्णता तारेस मिळते, शिवाय मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला भिडली की तिच्या पृष्ठभागावरच जळू लागते, आणि तार विझत नाही. चूल एकदा पेटली की निखाऱ्यावर निखारा पेटत राहावा, तसा हा प्रकार आहे. ना चाक, ना कळ, ना वेळ साधणारे यंत्र! तार किती तापावी आणि स्फोट कोणत्या क्षणी व्हावा, हे मुख्यतः आतल्या वायूवर पडणाऱ्या दाबावरून ठरते. वाचकांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता या प्लगच्या बाबतीत दोन घराणी आहेत. जगातील बहुतेक कारखान्यांनी प्लग वेगळा ठेवला आणि त्याचे आटे एकाच मापाचे ठरविले: व्यास पाव इंच आणि इंचात आटे बत्तीस. इंजीन अमेरिकेचे असो वा मीटरवर चालणाऱ्या जपानचे असो, प्लगचे आटे हेच. दुसरे घराणे कॅलिफोर्नियातील लिरॉय कॉक्स यांच्या कारखान्याचे. त्यांनी १९५० च्या दशकापासून लाखो चिमुकली इंजिने केली व जगभरच्या पोरांच्या हाती दिली. त्यांनी तार सिलिंडरच्या झाकणातच बसविली. त्यामुळे इंजीन हलके व स्वस्त झाले; मात्र तार जळाली म्हणजे सबंध झाकण बदलावयाचे, असा तेथील रिवाज पडला. कारखाना भरभराटीत होता तोवर हा रिवाज सोयीचाच होता. आता तो मूळ कारखाना राहिला नाही, आणि जुनी झाकणे दूरदेशाहून मागवावी तर टपालखर्च व जकात धरून झाकणाला इंजिनाची किंमत पडते. अशा इंजिनाला साधा, बाजारात मिळणारा प्लग लावावयाचा असेल तर दोघांच्या मध्ये कोणीतरी उभे राहिले पाहिजे. ज्याच्या बाहेरच्या अंगाला सिलिंडरची भाषा येते आणि आतल्या अंगाला प्लगची, असा कोणीतरी. म्हणून मी त्याला दुभाष्या म्हणतो.

आमच्या गावाला दुभाष्यांचे नवल नाही. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे सेलूवरून गेली, ती मीटर गेजची; दोन रुळांतले अंतर एक हजार मिलिमीटर. मनमाडपासून मुंबईकडे जाणारी मोठी लाईन पाच फूट सहा इंचांची. येथल्या जिनातून निघालेल्या कापसाच्या गाठी मुंबईस जावयाच्या तर एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हमालांच्या पाठीवरूनच गेल्या पाहिजेत. १९९० च्या दशकात आमची लाईन रुंद झाली, तोपर्यंत मनमाडचे फलाट हा एक दुभाष्याच होता. माणसांच्या भाषेचीही तीच तऱ्हा. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. घरात मराठी, कचेरीत उर्दू. हैदराबादेस १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, ते उर्दू माध्यमाचे. आणि त्याच्या पुस्तकांसाठी आधल्याच वर्षी भाषांतराचे एक स्वतंत्र खाते उघडले गेले. तेथे पंडितांनी घडविलेले किती शब्द कारखान्यांपर्यंत पोचले असतील, देव जाणे! आमच्या मिस्त्रींच्या दुकानात आट्यांना कोणी आटे म्हणते, कोणी चुडी म्हणते, कोणी थ्रेड. आणि गॅस्केटचे ग्यास्किट झालेले आहे. पण वस्तू हातात असल्यामुळे गैरसमज होत नाही.

हे मिस्त्री वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे आहेत. त्यांच्या वडिलांनी जिनिंग फॅक्टरीत यंत्रे दुरुस्त करता करता हा धंदा उचलला. दुकानात एकच लेथ, पंजाबातील बटाल्याचे. त्यावरचा रंग केव्हाच उडाला आहे. पण ते चालू झाले की जमिनीला कंप सुटत नाही. मी माझे इंजीन व प्लग त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला, मग पिच गेजची पाती एकेक करून प्लगच्या आट्यांवर टेकवली, आणि म्हणाले, “सर, दोन सूत हाये. बत्तीसचा आटा. हा इंचाचा माल हाये बगा.” सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. १९५६ च्या कायद्याने आपण मीटर व ग्रॅम स्वीकारले. शाळेतून इंच गेला, कापडाच्या दुकानातून वार गेला. पण लेथच्या दुकानात सूत अजून नांदते आहे.

मी वहीत हिशेब करून नेला होता. इंचात बत्तीस म्हणजे एका आट्याचे अंतर ०.७९३७५ मिलिमीटर. मीटरच्या मापातले सर्वांत जवळचे अंतर ०.८. एका आट्यामागे फरक सहा सहस्रांश मिलिमीटरांचा. मी विचारले, “मिस्त्री, ०.८ चालणार नाही का? डोळ्याला तर फरक दिसत नाही.” ते म्हणाले, “सर, एका आट्याला दिसत नाही. आठ आट्यांना दिसतो.” मी गुणाकार केला. आठ आट्यांवर फरक पाच शतांश मिलिमीटर होतो. प्लग चार फेरे सुखाने जाईल, मग अडेल. जोर केला तर मऊ ॲल्युमिनिअमचे आटे खाल्ले जातील, आणि स्फोटाचा वायू त्या वाटेने बाहेर निसटेल. गुणाकार मलाही येत होता. पण तो कोठे करावयाचा, हे त्यांच्या बोटांस ठाऊक होते.

येथे त्या जुन्या लेथचे जुनेपण कामास आले. त्याचा लीड स्क्रू इंचाचा आहे, इंचास चार आट्यांचा. काम आठ वेळा फिरले की स्क्रू एकदा फिरला पाहिजे, एवढी दातेरी चाके जुळवली की बत्तीसचे आटे बिनचूक पडतात. मीटरच्या लेथवर हेच करावयाचे तर एकशे सत्तावीस दात्यांचे एक खास चाक लागते. कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट केली तरच पूर्णांक मिळतो. म्हणजे त्या लेथच्या पोटातही एक दुभाष्या बसवावा लागतो! असा एकशे सत्तावीस दात्यांचा दुभाष्या सर्वत्र उपलब्ध असतोच असे नाही.

काम दिसावयास साधे, पण क्रमाने करण्याचे. प्रथम ॲल्युमिनिअमची कांडी चकात धरून तिचे तोंड सपाट करावयाचे. मग बाहेरचा व्यास उतरवून त्यावर सिलिंडरच्या तोंडाचे बारीक आटे पाडावयाचे. ते कारखान्याचे स्वतःचे, म्हणून सिलिंडर हाताशी ठेवून पुनःपुन्हा बसवून पाहावयाचे. नंतर मधून साडेपाच मिलिमीटरचे भोक, आणि त्यात टॅपने बत्तीसचे आटे. तो टॅप मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणविला. ॲल्युमिनिअम हत्याराला चिकटते, म्हणून वर रॉकेलचे थेंब. शेवटी कांडी उलटी धरून खालच्या तोंडाला उथळ वाटीचा आकार द्यावयाचा. आटे पाडताना मिस्त्री डोळ्यांनी कमी आणि कानांनी अधिक पाहतात. हत्यार धातूत बरोबर चालले की एक सलग शीळ येते. ती तुटली की ते तत्काळ यंत्र थांबवतात.

खालची वाटी हा सर्वांत नाजूक भाग. या इंजिनात दट्ट्या वर आला म्हणजे त्याच्या डोक्यावर उरणारी पोकळी अगदी अल्प असते. दाबाचे प्रमाण आठास एक धरले, तर ती ०.११४ घन सेंटिमीटर येते. आता दुभाष्याने आपली वाटी नुसती दोन शतांश घन सेंटिमीटर अधिक खोल ठेवली, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या थेंबाहूनही कमी जागा घेतली, तरी ते प्रमाण आठावरून सातावर येते. आमचा पहिला तुकडा बसविला तेव्हा असेच झाले. सेल लावलेला असेतो इंजीन उत्साहाने गुरगुरे. सेल काढताच श्वास सोडून थांबे. दाब अपुरा, म्हणून तार धगधगत राहत नव्हती. खाली तांब्याची दोन ग्यास्किटे घातली होती. मिस्त्रींनी त्यांतले एक काढले. तुकडा तेवढाच खाली उतरला. या खेपेस सेल काढला तरी इंजीन चालतच राहिले. टाकीतले तेल संपेपर्यंत ते चालले, आणि दुकानात एवढा एरंडेलाचा धूर झाला की शेजारच्या पंक्चरवाल्याने येऊन चौकशी केली.

दुभाष्याने दोन्हीकडे घट्ट धरावे, गळू देऊ नये, आणि स्वतःसाठी शक्य तितकी कमी जागा घ्यावी, हा नियम मला त्या दिवशी ॲल्युमिनिअमच्या तुकड्याने शिकविला. तीस वर्षे मी परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवीत आलो आहे. हेही मधल्याचेच काम. लेखक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये आम्ही प्राध्यापक आपल्या विद्वत्तेची वाटी किती खोल कोरतो, आणि त्यामुळे दाब किती उतरतो, हे मोजण्याचे साधन मात्र आमच्या खात्याने अद्याप काढलेले नाही.

येथे एक रास्त शंका कोणीही घेईल, आणि आमच्या घरात ती वारंवार घेतली जाते. आता विजेची मोटर व बॅटरी लावलेली लहान विमाने मुबलक मिळतात. ती धूर करीत नाहीत, तेल गाळीत नाहीत. मग एका म्हाताऱ्या इंजिनासाठी एवढा खटाटोप का? छंदाचा बचाव युक्तिवादाने करू नये, हे मी संसारात शिकलो आहे. पण या प्रश्नाचे खरे उत्तर मला मिस्त्रींच्या दुकानाच्या दारात उभे असता मिळाले. माझे काम चालू असताना एक शेतकरी मोटारसायकलीवरून आला. त्याच्या विहिरीवरील जुन्या पंपाचे तोंड अडीच इंचाचे, आणि नवीन आणलेला प्लॅस्टिकचा पाइप ७५ मिलिमीटरचा. दोघे एकमेकांस धरीत नव्हते. बाजारचा जोड लावून पाहिला, तो गळत होता. मोसंबीची झाडे पाण्यावाचून चार दिवस उभी होती आणि दिवस उन्हाचे होते. मिस्त्री मला म्हणाले, “सर, तुमचं विमान थांबंल, पर झाडं थांबायची न्हाईत,” आणि माझा तुकडा चकातून काढून त्यांनी त्याचा मधला करावयास घेतला. तासाभरात तो घेऊन शेतकरी गेला. त्याचा पंप ज्या कंपनीचा, ती कंपनी बंद पडली होती. माझ्या इंजिनाची व त्याच्या पंपाची कुंडली एकच निघाली. फरक एवढाच की त्याच्या मागे झाडे होती.

मिस्त्रींचा मुलगा चाकणला संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर काम करतो. दिवाळीत तो घरी आला असता त्याने माझा तुकडा निरखून पाहिला व म्हणाला की, एकदा आज्ञावली बसविली म्हणजे आमचे यंत्र असे शेकड्यांनी काढील, आणि सारे तंतोतंत सारखे. हे त्याचे बोलणे खरे आहे. मी विचारले, “पण मला पाचच पाहिजेत, त्या शेतकऱ्याला एकच पाहिजे होता. तो कोण करून देईल?” तो थोडा थांबला, मग वडिलांकडे पाहून हसला व म्हणाला, “एकासाठी कोण यंत्र लावतंय सर?” त्याच्या हसण्यात उद्धटपणा नव्हता. पुण्याकडचा पगार नियमित आहे आणि येथील दुकानात पावसाळ्यात आठ-आठ दिवस कोणी फिरकत नाही, हे त्याने लहानपणापासून पाहिले आहे. मिस्त्रींनीही त्याला कधी परत बोलावले नाही. त्यांच्या पश्चात ते लेथ भंगारात वजनावर जाईल, असे ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना आवाज चढवीत नाहीत.

लाख वस्तू एकसारख्या करणारी कला जगाने साधली, ही लहान गोष्ट नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी आटे पंचावन्न अंशांचे व अमेरिकन साठ अंशांचे असल्यामुळे एकाचे बोल्ट दुसऱ्यास लागेनात, तेव्हा १९४८ साली अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी बसून एक समान माप ठरविले. परंतु कितीही समान मापे ठरली, तरी काल ठरलेले आणि आज ठरलेले यांच्यात फट राहतेच. ती फट बुजविणारा माणूस शेकडा मालाच्या हिशेबात कोठेच बसत नाही. तो तालुक्याच्या गावी, एका लेथच्या मागे असतो. तो नाहीसा झाला तर मोडलेली वस्तू टाकावी लागेल, आणि ज्याला टाकणे परवडत नाही त्याचे नुकसान आधी होईल.

आपल्या सुशिक्षित घरांत या विद्येला मान कमी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे लोक म्हणत. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आणि त्याच कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली, जिचे पुढे मराठी कुटुंबांचे आवडते मासिक झाले. लेथ आणि लेखणी एका आवारात नांदू शकतात, याचा हा दाखला आपल्याच भाषेतला आहे. तो आपण मासिकापुरता लक्षात ठेवला.

एवढे लिहून मी स्वस्थ बसलो असतो तर तो नुसता शोक झाला असता. मी माझ्या धंद्याला साजेल असे एक काम केले. मिस्त्रींच्या शेजारी स्टूल टाकून ‘मधला’ करण्याची सारी रीत मराठीत लिहून काढली: कोणते चाक कोठे, भोक किती, रॉकेल केव्हा, प्रत्येक माप इंचात, सुतात व मिलिमीटरमध्ये. माझे ‘मळसूत्र’ त्यांनी खोडून ‘आटे’ केले, आणि ‘वर्तुळाकार पट्टी’चे पुन्हा ‘ग्यास्किट’ झाले. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून लेथच्या वर भिंतीला लावला आहे. आय.टी.आय. झालेला एक मुलगा सध्या संध्याकाळी दुकानात येतो. पाचवा तुकडा त्याने तो कागद वाचून केला. बाहेरचे आटे ठीक आले. आतले पाडताना शीळ तुटली, तरी तो पुढे रेटीत राहिला, आणि मिस्त्रींनी पाठीमागून हात घालून यंत्र बंद केले. “कागदाकडं बगू नको,” ते म्हणाले, “आवाज बदलला की थांब.”

हे वाक्य मी त्याच रात्री कागदावर शेवटी लिहून टाकले. पण कोणता आवाज बदलला म्हणजे थांबावयाचे, ते मला लिहिता आलेले नाही. त्यासाठी त्या मुलाला रोज संध्याकाळी दुकानात यावे लागेल, आणि मिस्त्री असेपर्यंतच यावे लागेल.